रिकामी हवा

विश्राम सपकाळांच्या सहीचा मोठा दरारा होता. घरात तो कधी चालला नाही, ही गोष्ट वेगळी. पण मिक्सर, पंखे, दिवे, चार्जर असलं काहीबाही बनवणारे कारखानदार म्हणायचे, "सपकाळांनी पास केलं म्हणजे देवानं पास केलं." आणि नापास केलं तर देवाकडे जाऊनही उपयोग नाही, हे हळूच पुढे जोडायचे. निवृत्त झाले तरी ती सही त्यांना सोडत नव्हती. आजही तीच घेऊन ते तांबखिंडीचा घाट चढत होते. गाडी आपली आपण चालली होती. सपकाळांना या घाटाची वळणं पाठ होती, आणि प्रत्येक वळणावर आपण हिच्याआधी वळलो असतो असं त्यांना वाटत होतं.

वर दस्तगीर मुजावर वाट बघत असणार. मुजावरांची चाचणीशाळा ही खिंडीतली शेवटची. ती बंद होऊन जागा आता रोपवाटिकेला जायची होती. त्याआधी तिथली सगळी जुनी मोजमापं पुसायची, पुसली गेल्याची खात्री करायची आणि तसा दाखला द्यायचा, एवढंच सपकाळांचं काम होतं. असली कामं त्यांनी गेल्या वर्षभरात डझनावारी केली होती.

पण काल ओवीचा फोन आला होता. ओवी त्यांची एकुलती एक लेक. साताऱ्याला असते, इमारतींचे आराखडे करते, आणि बापाशी कामापुरतंच बोलते.

"बाबा, तू उद्या मुजावरकाकांकडे चाललायस ना?"

"हो."

"आई असेल तिथे."

सपकाळांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला एक मिनिट हवंय. जास्त नको. तू तिला इतकी वर्षं ऐकलंस. मला तिचा चेहरा आठवतो, हाताचा वास आठवतो, पण आवाज नाही आठवत रे. कितीही डोकं खाजवलं तरी नाही."

"ओवी, कायदा आहे."

"माहितीये मला. कायद्याच्या आधी आई होती." तिनं फोन ठेवला.

विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आपलं काम करता करता थोडी बडबडही करते. मिक्सर चटणी वाटतो, पण त्याच वेळी हवेत रेडिओलहरींचा कचरा सोडतो. पूर्वी शेजारणीनं मिक्सर लावला की आपल्या रेडिओत खरखर व्हायची, ती हीच. म्हणून प्रत्येक वस्तूची बडबड किती असावी याला मर्यादा घालून दिलेली, आणि ती मोजून दाखला मिळाल्याशिवाय वस्तू बाजारात जायची नाही. मोजायला जागा लागते निवांत, शहराच्या गोंगाटापासून लांब. तांबखिंड तशी होती. चहूबाजूंनी डोंगर, त्यामुळे बाहेरच्या लहरी आत यायला कचरायच्या. सपकाळ आणि मुजावर यांनी इथेच समोरासमोरच्या उतारांवर आपापल्या चाचणीशाळा थाटल्या. सपाट जमिनीवर पत्र्याची फरशी, मधोमध लाकडाचा फिरता पाट, दहा मीटरवर डांबाला लावलेली अँटेना. पाटावर मिक्सर ठेवायचा, फिरवायचा, अँटेना वरखाली करायची. कारखानदार झाडाखाली चहा पीत बसायचे, निकालाच्या दिवशी पोरांचे बाप बसतात तसे. एखादी वस्तू थोडक्यासाठी नापास होत असली, की सपकाळ तिच्या वायरीत एक काळं कडं सरकवायचे. ते फेराइट नावाच्या मातीचं असतं आणि आगाऊ लहरी पिऊन टाकतं. "दृष्ट लागू नये म्हणून," असं ते कारखानदारांना गंभीरपणे सांगायचे. काही जण खरं मानून दोन-दोन कडी घालायचे.

मोजायच्या आधी एक गोष्ट करावीच लागे. वस्तू बंद ठेवून नुसती हवा मोजायची. तिला म्हणायचे रिकामी हवा. पण हवा रिकामी कसली! डोंगर ओलांडून एखादं रेडिओ केंद्र यायचंच. आलेखावर सुळका दिसला की कानाला हेडफोन लावायचा. कुणी बोलतंय, गातंय असं कळलं की समजायचं, हा मिक्सर नव्हे, हे केंद्र आहे. मग तो सुळका खोडायचा आणि पुढे जायचं. क्षणभर ऐकायचं आणि खोडायचं, सपकाळांनी सारा जन्म हेच केलं.

आणि एक सुळका रोजच्या रोज मर्यादेची रेघ ओलांडून वर डोकं काढायचा. नव्वद पूर्णांक चार मेगाहर्ट्झ. खाली तांबगावात बायकांच्या मंडळानं काढलेलं 'झुळूक' नावाचं छोटं केंद्र होतं ते. डोंगरापलीकडे ऐकू जायचं नाही, पण खिंडीत मात्र खणखणीत. एक बाई बोलायची. बाजारभाव, हरवलेली म्हैस, लसीकरणाचा दिवस, मधूनच गाणं. तरुण सपकाळ वैतागून तिला खोडत राहिले. एके दिवशी कपाळावर आठ्या घालून ते खाली केंद्रावर गेले आणि दर गुरुवारी दुपारी तासभर प्रक्षेपण बंद ठेवाल का, असं विचारलं. ती बाई, शैला जिचं नाव, खळखळून हसली. त्याच गुरुवारी तिनं सगळ्या खोऱ्याला ऐकवलं, "श्रोतेहो, खिंडीतल्या साहेबांना मिक्सर तपासायचाय. आपल्या बडबडीनं त्यांचा मिक्सर बिघडतो म्हणे. तर आपण जरा गप्प बसू." तासभर खोरं खरोखर गप्प बसलं. सपकाळांनी मिक्सर तपासला, पण त्यांचं लक्ष काही त्यात लागलं नाही. पुढल्या वर्षी लग्न झालं. लग्नात गाववाल्यांनी त्यांना मिक्सरच आहेर दिला, आणि तो चाचणीत नापास होता.

शैला अचानक गेली. डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली आणि उठली नाही. ओवी तेव्हा लहान होती. केंद्रही पुढे बंद पडलं, तिथला संगणक भंगारात गेला. शैलाच्या फोनमध्ये सगळ्यांचे फोटो होते, चित्रफिती होत्या. ती मात्र कुठेच नव्हती, कारण फोन तिच्या हातात असायचा. लग्नाच्या चित्रफितीत ती आहे, पण बोलत नाही. बोलतो तो बँड. असा एका बोलक्या बाईचा आवाज जगातून साफ नाहीसा झाला.

मग 'विणकर' आलं. बंगळुरूच्या दोन संशोधकांनी केलेलं सॉफ्टवेअर. कल्पना सोपी होती. चाचणीशाळांतली यंत्रं मोजताना हवेतला सगळाच्या सगळा पट्टा एकदम नोंदवून ठेवायची. अँटेनेला कुठे कळतं मिक्सर कोणता आणि माणूस कोण? सगळ्या लहरी एकाच गुंत्यात पडून राहायच्या. आपल्याला हवा तो धागा, म्हणजे मिक्सरचा, ओढून काढायचा आणि बाकी गुंता तसाच पडू द्यायचा. विणकरानं तो गुंता सोडवला. एकात एक मिसळलेले, खरखरीखाली गाडले गेलेले धागे ते वेगळे करू लागलं, तुटलेले सांधू लागलं. आणि जुन्या चाचण्यांच्या ढिगातून माणसं बोलायला लागली! बंद पडलेली केंद्रं, वारलेले गायक, कुणाचा आजोबा वॉकीटॉकीवर ट्रकवाल्याला शिव्या घालताना. लोक वेडे झाले. चाचणीशाळांपुढे देवळापुढे लागाव्यात तशा रांगा लागल्या. 'जुनी हवा' ऐकायला लोक डबा बांधून यायचे.

सपकाळही आपल्या चाचणीशाळेत गेले होते. पण तिथे काय मिळणार? त्यांनी मोजमापं कधी तशीच ठेवली नव्हती. केंद्राचा सुळका दिसला की ते नुसता खोडून थांबायचे नाहीत, मूळ नोंदीतूनही तो उपसून टाकायचे. नियम तेवढा कडक नव्हता. हे त्यांचं स्वतःचं सोवळं. सपकाळांची नोंद म्हणजे गाळून घेतलेलं पाणी, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. विणकरानं त्यांच्या साऱ्या वर्षांच्या नोंदी चाळल्या, आणि त्यात मिक्सर निघाले, पंखे निघाले, माणूस एकही निघालं नाही. ओवी तेव्हा शेजारीच उभी होती. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते.

या वेडाला पुढे वाईट फाटे फुटले. कुणाच्या बाळाच्या पाळण्याशी लावलेल्या, रडणं ऐकवणाऱ्या बिनतारी यंत्रातून नवराबायकोचं जुनं भांडण निघालं आणि ते कोर्टात वाजवलं गेलं. कुठल्या बंद खोलीतल्या बिनतारी माइकवरचं बोलणं निघालं आणि दोन घरं उठली. सार्वजनिक काय नि खाजगी काय, हे यंत्राला खात्रीनं सांगता येईना. शेवटी कायदा झाला, की जुन्या मोजमापांतला प्रत्येक मानवी आवाज पुसायचा. सुक्याबरोबर ओलंही जळतं, दुसरं काय. आणि पुसलं की नाही हे तपासायला माणूस हवा होता ज्याची हवा सगळ्यात स्वच्छ. साहजिकच दाखले देणाऱ्या सरकारी मंडळानं सपकाळांना गाठलं.

मुजावरांनी दारातच मिठी मारली. गडी म्हातारा झाला होता पण आवाज तसाच चढा. "आलास? ये. मला वाटलं गाडीनं परस्पर माघारी नेलं तुला."

"चहा ठेव. आधी काम."

"तुझं आधी काम, मग जेवण, मग मरण. बस की जरा."

बाहेरचा डांब गंजला होता, फिरत्या पाटावर शेवाळ आलं होतं. दोघं थोडा वेळ ते बघत उभे राहिले. आता अशा जागा कुणाला नको होत्या. वस्तू बनायच्या आधीच संगणक सांगतो ती किती बडबडणार, आणि दाखला छापून येतो. झाडाखाली चहा पीत बसायला कुणी येत नाही. सपकाळांना त्या कारखानदारांची फार आठवण झाली. नापास झाल्यावर रडलेला एक धिप्पाड पंखेवालासुद्धा आठवला.

"तुझ्याकडं सगळं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे म्हणजे काय! मी कधी काही पुसलंय का? आळस रे, आळस. तू मला शिव्या द्यायचास, मुजावर, तुझ्या नोंदी म्हणजे उकिरडा. आहेच की. उकिरड्यातच तर सगळं सापडतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "विश्राम, वहिनी असंल यात. आपल्या दोघांशिवाय या खोऱ्यात कुणाकडं नोंद ठेवणारी अँटेना होती? मी चालवून बघितलं नाही. तू येईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलं होतं."

सपकाळांनी मान हलवली आणि यंत्र जोडलं. पद्धत ठरलेली होती. आधी विणकर फिरवायचं, कुठे कुठे धागे आहेत ते बघायचं. प्रत्येक धागा माणसाचा की यंत्राचा, एवढं ठरवण्यापुरतं क्षणभर ऐकायची मुभा. मग पुसायचं. मग पुन्हा विणकर फिरवायचं, आणि काही निघालं नाही की दाखला.

पडद्यावर धागे उमटू लागले. सपकाळ एकेक ऐकत गेले. ट्रकवाले. पोलिसांचं काहीतरी. दूरच्या केंद्रावरचं अर्धं गाणं. खूण करायची आणि पुढे. हात सवयीनं चालत होता. नव्वद पूर्णांक चारवर आले तेव्हाही तो थांबला नाही, त्यांनी ऐकायचं बटण दाबलं.

"...तांबगाव झुळूक केंद्रावरनं मी शैला..."

बस, एवढंच. मुभा संपली. सपकाळांनी बटण सोडलं. आवाज त्यांना आठवत होता, असं ते इतकी वर्षं समजत होते. आठवणीतला तो हा आवाज नव्हताच. खरा जाडसर होता, किंचित बसलेला, शेवटचा शब्द ओढणारा. तेही तो विसरले होते, आणि हे कळल्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

मुजावर मागे उभे होते. "खिशात टाक," ते म्हणाले.

"काय?"

"तेवढा एक धागा काढ, खिशात टाक, बाकी पूस. दुसऱ्यांदा फिरवशील तेव्हा काही निघणार नाही. दाखला दे. कुणाच्या बापाला कळत नाही."

"मला कळेल."

"मग पूस! पूस नि पोरीला सांग, पुसली तुझी आई." मुजावर भडकले. "आयुष्यभर तिला पुसतच आलास तू. आज सरकारी शिक्का पण आहे हातात."

हे लागायचं तिथे लागलं. सपकाळ हिशेब मांडू लागले. पुसलं तर कायदा राहतो, सही राहते, आणि ओवीला परत तोंड दाखवायला जागा राहत नाही. चोरून ठेवलं तर ओवीला आई मिळते, पण बापाच्या सहीचं पोतेरं होतं, आणि पुढे ही सही जिथे जिथे आहे तिथे तिथे ती खोटी. इतके मिक्सर, इतके पंखे, शेजारणीचे रेडिओ. त्यांना वाटलं, आपण आजवर इतरांना नापास करत आलो, ते किती सोपं होतं.

मग ते कामाला लागले. शैलाचा धागा त्यांनी वेगळा काढून घेतला. बाकी सगळं पुसलं. पुन्हा विणकर फिरवलं. हवा अगदी रिकामी निघाली. दाखला उघडला आणि लिहिलं: चाचणीशाळा उत्तीर्ण. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं: एक मानवी आवाज निरीक्षकाने स्वतः काढून घेतला आहे व तो परत करण्याचा त्याचा विचार नाही. चाचणीशाळेचा यात दोष नाही. निरीक्षक अनुत्तीर्ण. त्याखाली आपली ती प्रसिद्ध सही केली आणि मंडळाला पाठवून दिलं.

मुजावरांनी वाचलं. "येडा झालास का? परवाना जाईल. खटला चालवतील."

"चालवू देत. सही तर खरी आहे ना!"

"तुझ्यापुढं कुणी डोकं आपटावं," असं म्हणत मुजावर चहा टाकायला गेले, आणि चुलीपाशी उभं राहून त्यांनी डोळे पुसले.

सपकाळांनी ओवीला फोन लावला. "ये," एवढंच म्हणाले. ती काही न विचारता निघाली. दुपार कलायच्या आत तिची गाडी अंगणात आली. दाखल्याचं तिला मुजावरांनीच सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. तिनं बापाकडे पाहिलं. मग त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्यांनी बटण दाबलं आणि हात मागे घेतला.

"...तांबगाव झुळूक केंद्रावरनं मी शैला. खालच्या आळीच्या भिकोबांची शेळी सापडली बरं का, शाळेमागं बांधून ठेवलीये. घेऊन जावी, पोरांच्या वह्या खातीये. उद्या सकाळी वीज नसणार, तर दळण आजच उरकून घ्या. आणि आता गाणं लावायचंय, पण... अगं, हात नको लावूस. ओवी! बटणाला हात नाही लावायचा."

ओवीनं तोंडावर हात घेतला.

"श्रोतेहो, माफ करा. आज घरी कुणी नाही, म्हणून आमच्याकडं नवीन निवेदिका आलीये. तिला बोलायचंय म्हणे. बोल. इथं बोल, हळू."

नुसता श्वास ऐकू आला. मग एक चिमुकला, चिरका आवाज.

"बाबा. बाबा, तू ऐकतोयस का? मला कंटाळा आला. घरी चल ना."

शैला हसली. ते हसणं अगदी माइकला लागून होतं. "बाबा कामात आहे गं. वर खिंडीत आहे ना तो. त्याला ऐकू येतं, पण त्याला उत्तर देता येत नाही. रेडिओचं असंच असतं." मग गाणं लागलं, आणि दोन ओळींत धागा संपला.

पडद्याच्या कोपऱ्यात नोंदीची तारीख होती. सपकाळांनी ती पाहिली. वार कामाचा, वेळ दुपारची. म्हणजे त्या दुपारी ते समोरच्या उतारावर हेडफोन लावून बसले होते, सुळका आला होता, त्यांनी क्षणभर ऐकलं असणार, केंद्र आहे म्हणून ठरवलं असणार, आणि पुढचं ऐकायच्या आत खोडून टाकलं असणार. म्हातारपणी माणसानं असं रडू नये, पण त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"ऐकतोय गं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ओवीनं डोळे पुसले. उठून तिनं त्यांची पिशवी उचलली, दुसरा हात त्यांच्या दंडाला धरला.

"मग घरी चल ना," ती म्हणाली.